धुळ्याचा अर्जुन आणि जेरुसलेमचे पत्र

अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरावर एक टिपण लिहायचे म्हणून काही वर्षांपूर्वी मी अद्वैताच्या परदेशी टीकाकारांकडे वळलो. प्रतापशेठांनी १९१६ मध्ये ही संस्था काढली ती प्रामुख्याने अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी. जी. आर. मलकानी, रासविहारी दास यांच्यासारखी माणसे बोरी नदीकाठच्या या गावात राहून शंकराचार्यांवर इंग्रजीतून वाद घालत होती, हे आज सांगितले तर गावातल्याच पुष्कळांना नवल वाटते. तेव्हा जगात अन्यत्र अद्वैताला कोणी आणि कोणत्या मुद्द्यावर नकार दिला, हे टिपणात यायला हवे होते. त्या शोधात मार्टिन बूबर भेटले. जर्मन भाषेत लिहिणारे हे ज्यू तत्त्वज्ञ. त्यांचे ‘मी आणि तू’ हे छोटे पण अवघड पुस्तक १९२३ चे. ते संपवून त्यांचे आणखी काय मिळते म्हणून पाहताना त्यांनी महात्मा गांधींना लिहिलेले पत्र हाती आले आणि अद्वैताचे टिपण बाजूला पडले.

पत्र जेरुसलेमहून लिहिलेले आहे, तारीख २४ फेब्रुवारी १९३९. त्यात एके ठिकाणी बूबर महाभारताचा विषय काढतात. भारत हा स्वभावतःच अहिंसक देश आहे असे म्हणतात, पण नेहमीच तसे नव्हते, असे सांगून ते गांधीजींना गीतेची आठवण देतात. समोर आपलेच आप्त उभे पाहून अर्जुन धनुष्य खाली ठेवतो, आणि भगवंत त्याला शाबासकी देत नाहीत, खडसावतात. हे तुला शोभत नाही, क्षत्रियाला न्याय्य युद्धाहून श्रेयस्कर दुसरे काही नाही, असे सांगतात. म्हणजे ज्याच्या उशाशी गीता असते त्यालाच बूबर गीता वाचून दाखवत होते.

या जागेशी मी थांबलो, कारण याच अर्जुनावर आणि याच प्रसंगावर त्या पत्राच्या सात वर्षे आधी धुळ्याच्या तुरुंगात एक प्रवचन झाले होते. २१ फेब्रुवारी १९३२ हा रविवार. त्या दिवसापासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी विनोबांनी राजबंद्यांपुढे गीतेचा एकेक अध्याय सांगितला. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज होते, आणि लिहून घेणारे होते साने गुरुजी. दोनच वर्षांपूर्वी अमळनेरची शाळेतली नोकरी सोडून ते चळवळीत उतरले होते आणि त्याआधी काही काळ याच तत्त्वज्ञान मंदिरात विद्यार्थी म्हणून राहिले होते. ‘गीता प्रवचने’ आमच्या घरी देवघरात असे. वाचायचे पुस्तक आणि पूजेचे पुस्तक असा भेद तिथे नव्हता. त्यामुळे बूबर यांचा मुद्दा वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा उमटले ते गांधीजींचे नव्हे, विनोबांचे उत्तर. ते उत्तर बूबर यांच्या बाजूचे की विरुद्ध, हे मात्र लवकर ठरेना. हा लेख त्या न ठरण्यातून आला आहे.

आधी बूबर कोण होते ते सांगायला हवे, कारण मराठीत त्यांचे नाव घेतले जाते ते बहुधा मानसशास्त्राच्या नाहीतर शिक्षणशास्त्राच्या संदर्भात, आणि तिथे त्यांचे राजकारण गाळले जाते. जन्म ८ फेब्रुवारी १८७८, व्हिएन्ना. आईवडील विभक्त झाले तेव्हा ते तीनेक वर्षांचे होते. पुढचे बालपण लेंबर्गला (आजचे युक्रेनमधील ल्विव्ह) आजोबांकडे गेले. आजोबा सॉलोमन बूबर हे ज्यू धर्मवाङ्मयाचे नावाजलेले संपादक. विशीतच बूबर थिओडोर हर्झल यांच्या झायनवादी चळवळीत आले, १९०१ मध्ये चळवळीच्या मुखपत्राचे संपादक झाले आणि लवकरच हर्झल यांच्याशी त्यांचे फाटले. हर्झल यांना राज्य हवे होते आणि त्यासाठी सम्राट-सुलतानांच्या दारी जायची त्यांची तयारी होती. बूबर आणि त्यांच्या मित्रांना आधी माणसे बदलायला हवी होती: भाषा, शिक्षण, एकत्र जगण्याची रीत. आपल्याकडच्या ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या वादाचीच ही ज्यू आवृत्ती म्हणता येईल, मात्र त्यातल्या बाजू आपल्या वादाशी तंतोतंत जुळत नाहीत.

१९१४ साली युद्ध सुरू झाले आणि हा समंजस माणूस वाहवत गेला. जर्मन सैन्याच्या मोहिमेत त्यांना काहीतरी उदात्त घडताना दिसू लागले. त्यांचे जिवलग मित्र, अराज्यवादी विचारवंत गुस्ताव लांडाउअर यांनी १९१६ मध्ये त्यांना अतिशय कडक शब्दांत सुनावले. बूबर सावरले, आणि त्यानंतर राष्ट्र हा शब्द त्यांनी कधी सहजपणे वापरला नाही. १९१९ च्या मे महिन्यात म्युनिकची क्रांती चिरडताना सैनिकांनी लांडाउअर यांना ठार मारले. ज्याने डोळे उघडले त्याचाच असा अंत झाला. बूबर यांच्या पुढच्या लिखाणात हिंसेचा विषय निघाला की आवाज खाली येतो. त्याचे मूळ मला इथे दिसते.

‘मी आणि तू’ या पुस्तकाचा गाभा थोडक्यात असा: माणूस जगाशी दोन तऱ्हांनी नाते जोडतो. एकात समोरचा ‘ते’ असतो, म्हणजे उपयोगाची, मोजण्याची, वर्गवारी करण्याची वस्तू. दुसऱ्यात समोरचा ‘तू’ असतो, आणि त्याच्यापुढे मला पूर्णपणे उभे राहावे लागते. मी आधी असतो आणि मग नाती जोडतो असे नव्हे. नात्यातूनच मी घडतो. इथेच त्यांचा उपनिषदांशी झगडा आहे. इंद्र आणि प्रजापतीची गोष्ट ते घेतात. गाढ निद्रेत स्व विरून जातो, पण मग तिथे समोर कोणीच उरत नाही, हा इंद्राला आलेला संशय त्यांना मोलाचा वाटतो. सगळे एकच असेल तर बोलायचे कोणाशी? अमळनेरच्या मंडळींना हा आक्षेप नवा वाटला नसता, आपल्याकडच्या द्वैती आचार्यांनी तो शतकानुशतके घेतला आहे. बूबर यांचे वेगळेपण असे की त्यांनी तो राजकारणात नेला. ज्या अरबांच्या शेजारी आपण राहायला जाणार ते आपल्या योजनेतले ‘ते’ आहेत की ‘तू’ आहेत, हा त्यांचा प्रश्न होता.

तो त्यांनी पुस्तकापुरता ठेवला नाही. १९२१ मध्ये कार्ल्सबाडच्या झायनवादी अधिवेशनात अरब जनतेशी सहकार्याचा ठराव त्यांनी मांडला. समितीत त्याचा एकेक शब्द पातळ होत गेला आणि शेवटी जे मंजूर झाले ते त्यांना आपले वाटेना. १९२५ मध्ये ‘ब्रीत शालोम’, म्हणजे शांतिकरार, नावाचा छोटा गट निघाला; बूबर त्याचे पाठीराखे होते. पॅलेस्टाइनमध्ये एकाचे राज्य आणि दुसरा अल्पसंख्य असे न होता दोन्ही समाजांचे समान हक्कांचे एकच राज्य व्हावे, ही त्यांची मागणी. ती ना बहुसंख्य ज्यूंना पटली, ना अरबांना.

१९३३ मध्ये हिटलर आला. बूबर यांनी फ्रँकफर्ट विद्यापीठाचे काम सोडले आणि विद्यापीठाबाहेर फेकल्या गेलेल्या ज्यूंसाठी प्रौढशिक्षणाची वर्तुळे उभी केली. शाळांतून काढलेली मुले, नोकऱ्या गेलेले शिक्षक यांना एकत्र आणून बायबल वाचणे, इतिहास शिकणे, इतकेच ते काम होते. १९३५ मध्ये त्यांच्या जाहीर भाषणांवर बंदी आली. मार्च १९३८ मध्ये ते जेरुसलेमला गेले आणि तिथल्या हिब्रू विद्यापीठात सामाजिक तत्त्वज्ञान शिकवू लागले. वय साठ, वर्ग हिब्रूत घ्यायचे, आणि सारे पुस्तकी वैभव जर्मन भाषेतले. त्या नोव्हेंबरात जर्मनीत एका रात्रीत शेकडो सिनेगॉग जाळले गेले, तेव्हा हेपनहाइमचे त्यांचे घरही लुटारूंनी उद्ध्वस्त केले.

त्या रात्रीनंतर दहाएक दिवसांनी, २० नोव्हेंबर १९३८ रोजी, वर्ध्याजवळच्या सेगावात (आपण आज सेवाग्राम म्हणतो ते गाव) गांधीजींनी ज्यूंवरचा लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये आला. दोनच वर्षांपूर्वी, डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्या फैजपूरला खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले होते आणि खेडे हाच राजकारणाचा पाया हे गांधीजींनी सगळ्या देशाला दाखवले होते. सेगावच्या कुडाच्या भिंतीआड बसून ते आता जगातल्या सर्वांत यंत्रसज्ज अत्याचाराविषयी लिहीत होते.

त्या लेखाचे सार न्यायाने सांगायला हवे, कारण त्यावर टीका करणारे बहुधा अर्धाच सांगतात. गांधीजी आरंभीच म्हणतात की माझी सारी सहानुभूती ज्यूंकडे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्यू मित्रांनी, हर्मन कॅलनबाख त्यांतले एक, त्यांना हा छळ जवळून समजावला होता. ख्रिस्ती जगाने ज्यूंना अस्पृश्यांसारखे वागवले असे ते लिहितात आणि हिंदूंनी अस्पृश्यांना जे केले त्याच्याशी त्याची थेट तुलना करतात. मानवतेसाठी एखादे युद्ध न्याय्य असू शकले असते तर ते जर्मनीविरुद्धचेच असते, असेही म्हणतात. पण युद्धावर माझा विश्वास नाही. पॅलेस्टाइन अरबांचे आहे, तिथे ज्यूंना लादणे अन्यायाचे आहे. आणि जर्मनीतल्या ज्यूंनी काय करावे? मी तिथला ज्यू असतो तर म्हणालो असतो, जर्मनी माझेही घर आहे. मला गोळ्या घाला नाहीतर कोठडीत टाका, मी हलणार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांनी हे करून दाखवले आहे. सर्वांची कत्तल झाली तरी ईश्वरावर भरवसा असलेल्यांना ती मुक्तीच वाटेल.

या शेवटच्या भागाशी आजही कोणी सहज पुढे जाऊ शकत नाही. मीही गेलो नाही. लहानपणापासून जे शब्द वंदनीय म्हणून ऐकले त्यांना इथे कसली तरी टोचणी लागते.

बूबर यांनी उत्तर लिहायला तीन महिने घेतले. पत्राच्या शेवटी ते सांगतात की दोन परिच्छेदांमध्ये कधी कधी काही दिवस गेले. हे गांधीजींना न मानणाऱ्या माणसाचे पत्र नव्हते. १९३० मध्येच त्यांनी गांधीजींच्या राजकारणावर आदराने निबंध लिहिला होता. म्हणूनच त्यात राग कमी आणि दुखावले गेल्याची भावना अधिक आहे.

त्यांचा पहिला मुद्दा दक्षिण आफ्रिकेच्या तुलनेचा. तिथले दीड लाख भारतीय एकटे नव्हते. त्यांच्यामागे कोट्यवधींची मातृभूमी होती आणि तिचे बळ त्यांना पोचत होते. ज्यूंच्या पाठीशी कोणती भूमी आहे? यातूनच एखादे घर असण्याची त्यांची मागणी निघते. छळछावणी म्हणजे काय, तिथे काय चालते, हे महात्म्यांना ठाऊक आहे का, असेही ते विचारतात.

दुसरा मुद्दा मला साऱ्या पत्रात सर्वांत मोलाचा वाटतो. नाझी राजवटीत पाच वर्षे काढताना आपण ज्यूंमध्ये खरा सत्याग्रह पाहिला, असे बूबर लिहितात. लोक झुकले नाहीत, त्यांनी सूड घेतला नाही, आत्मसन्मान सोडला नाही, आणि समोरच्यावर त्याचा तिळमात्र परिणाम झाला नाही. हौतात्म्य या अर्थाच्या युरोपीय शब्दाचे मूळ ‘साक्ष’ असे आहे. साक्ष घेणारा कोणीच नसेल, वृत्तपत्र नसेल, न्यायालय नसेल, मेलेल्याचे नावही कुठे उरणार नसेल, तर त्या हौतात्म्याचे काय होते? ते वाऱ्यावर उधळले जाते. सत्याग्रहात एक तिसरा लागतो, सत्याग्रही आणि जुलमी यांच्याखेरीज पाहणारा. आपल्याकडच्या चळवळीत तो तिसरा नेहमी होता, म्हणून आपल्याला त्याची किंमत जाणवली नाही. धुळ्याच्या तुरुंगात राजबंद्यांना दर रविवारी एकत्र बसून गीता ऐकता आली आणि एकाला ती लिहून घेता आली. तो तुरुंग होता, जाच होता, पण कागद आणि पेन्सिल होती आणि बाहेर वाट पाहणारा देश होता. पत्र वाचल्यावर ‘गीता प्रवचने’ची ही बाजू मला प्रथमच दिसली.

मग येतो अर्जुन. बूबर यांना गीतेतून युद्धाचे समर्थन काढायचे नाही. त्यांना एवढेच दाखवायचे आहे की तुमच्या परंपरेतही हा प्रश्न सुटलेला नाही. १९२२ साली चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी स्वतःच लिहिले होते की आपली अहिंसा वरवरची आहे, ती दुबळेपणातून आली आहे, आणि आत सूडाची इच्छा आपण जपून ठेवतो आहोत. बूबर ते वाक्य त्यांच्यापुढे ठेवतात. आपली स्वतःची भूमिका ते आडपडदा न ठेवता सांगतात: मला बळ वापरायचे नाही, पण चांगल्याचा नाश थांबवायला दुसरा मार्गच उरला नाही तर मी ते वापरीन आणि स्वतःला ईश्वराच्या हाती सोपवीन. कर्म करायचे आणि स्वतःला ईश्वराच्या स्वाधीन करायचे, ही भाषा कोणत्या ग्रंथातली आहे हे मराठी वाचकाला सांगायला नको.

आता धुळ्याकडे वळू. पहिल्याच रविवारी विनोबांनी अर्जुनाची जी फोड केली ती गांधीजींच्या नेहमीच्या मांडणीहून वेगळी आहे. गांधीजी कुरुक्षेत्राला अंतःकरणातले युद्ध मानतात, आणि त्यामुळे खऱ्या बाणांचा प्रश्न टळतो. विनोबा पहिल्या अध्यायात तो टाळत नाहीत. ते म्हणतात, अर्जुन अहिंसावादी झालाच नव्हता. अनेक लढाया लढलेला हा माणूस. त्याला मारण्याचे वावडे नव्हते. आज समोर आपली माणसे दिसली म्हणून त्याला युद्ध पाप वाटू लागले. इथे त्यांनी न्यायाधीशाचा दृष्टान्त दिला आहे. शेकडो गुन्हेगारांना फाशी दिलेला एक न्यायाधीश; एके दिवशी त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपाखाली समोर येतो, आणि न्यायाधीश महाशय फाशीची शिक्षा किती अमानुष आहे यावर बोलू लागतात. त्यांचे मुद्दे खोटे नाहीत. पण ते ज्ञानातून आलेले नाहीत, ममतेतून आलेले आहेत. अर्जुनाचा रोग हिंसा-अहिंसेचा नाही, स्वजनासक्तीचा आहे. आणि गीता सांगितली गेली ती हा मोह घालवायला.

म्हणजे कृष्णाने अर्जुनाचे शस्त्र टाकणे मान्य केले नाही, या वाचनापुरते विनोबा बूबर यांच्या बाजूने आहेत. पण त्यांनी प्रश्नच दुसरीकडे नेला आहे. बळ वापरावे की नाही याच्या आधीचा त्यांचा प्रश्न असा: जो नियम मी परक्याला लावतो तोच आपल्याला लावतो का? बूबर यांचे पत्र या कसोटीवर घासून पाहावे असे मला वाटले.

पहिल्यांदा हाती लागते ती त्यात उत्तीर्ण होणारी जागा. पत्राच्या शेवटी बूबर कबूल करतात की लिहिताना आपण रात्रंदिवस स्वतःची झाडाझडती घेतली: आपल्या समाजाच्या रक्षणाची जी मर्यादा देवाने आखली आहे ती मी कुठे ओलांडली तर नाही ना, सामूहिक स्वार्थाच्या भ्रमात मी सापडलो तर नाही ना. ‘सामूहिक स्वार्थ’ हे विनोबांच्या ‘स्वजनासक्ती’चे जवळजवळ भाषांतर आहे, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पॅलेस्टाइनबद्दलही ते गांधीजींना हेच सांगतात. इथे दोन हक्क आहेत, दोन्ही खरे आहेत, आणि कोणता अधिक न्याय्य हे मोजण्याचा तराजू नाही. म्हणून दोघांनी मिळून वाट काढली पाहिजे. भूमी कोणाचीच नाही, जिंकणाऱ्यालाही ती उसनी मिळते, आणि तो तिचे काय करतो हे देव पाहत असतो. बारा वर्षांनी तेलंगणात भूदान सुरू झाल्यावर विनोबांनी गावोगाव जी घोषणा नेली, ‘सब भूमी गोपाल की’, तिच्याशी हे किती जुळते!

आणि तिथेच, त्याच परिच्छेदांच्या आसपास, बूबर घसरतात. ते म्हणतात, या जमिनीलाच विचारा: तेराशे वर्षांत अरबांनी तुझ्यासाठी काय केले आणि पन्नास वर्षांत आम्ही काय केले. जो अधिक पिकवतो त्याचा हक्क जड, असे हे झाले. खानदेशच्या माणसाला हा युक्तिवाद अनोळखी नाही. १९७० च्या दशकात शहादा-तळोद्याकडे, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, भिल्लांच्या गेलेल्या जमिनींसाठी अंबरसिंग महाराज आणि त्यांच्यासोबत सर्वोदयी व डावे कार्यकर्ते उभे राहिले. ‘त्यांच्याकडे होती तेव्हा जमीन पडीक होती, आम्ही तिचे सोने केले’ हे वाक्य मी स्वतः त्या भागात चांगल्या सुशिक्षित लोकांच्या ओसरीवर बसून ऐकले आहे, आणि म्हणणारे लबाड नव्हते, त्यांना ते मनापासून पटलेले होते. जमीन उसनी आहे असे मानणाऱ्याने पिकाचा हिशोब पुढे करायचा नसतो. बूबर यांच्यासारख्या माणसाकडूनही तो पुढे झाला, यावरून न्यायाधीशाचा मुलगा किती चोरपावलांनी कठड्यात येऊन उभा राहतो ते कळते.

बूबर यांचे पत्र आणि हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख ज्यूडा मॅग्नेस यांचे दुसरे पत्र अशी दोन्ही मिळून एप्रिल १९३९ मध्ये जेरुसलेमला पुस्तिका निघाली. गांधीजींच्या संग्रहित वाङ्मयात बूबर यांना उत्तर नाही. इतर ज्यू टीकाकारांना त्यांनी ‘हरिजन’मधून उत्तरे दिली, अमेरिकेतले संपादक हायम ग्रीनबर्ग यांच्या लेखाला मे १९३९ मध्ये दिलेल्या उत्तरात आदर आहे, भूमिका मात्र तीच आहे. जुलैत त्यांनी हिटलरला पत्र लिहिले, ते सरकारने जाऊ दिले नाही. १९४६ च्या जुलैत ज्यूंवर जगाने क्रूर अन्याय केला हे सांगतानाच पॅलेस्टाइनमधल्या दहशतवादाचा त्यांनी निषेध केला. लाखोंच्या संहारानंतरही ज्यूंच्या मरणाविषयीचे मत त्यांनी बदलले नाही. उत्तर न येण्यामागे काही तात्त्विक मौन शोधणारे लेख मी वाचले आहेत. मला तसे वाटत नाही. राजकोटचे उपोषण, त्रिपुरी काँग्रेस, सुभाषबाबूंशी झालेला संघर्ष, हे सारे त्याच दोन महिन्यांतले आहे, हे विसरून चालणार नाही.

बूबर पुढे सव्वीस वर्षे जगले, आणि राजकारणात हरत राहिले. १९४२ मध्ये मॅग्नेस यांच्याबरोबर त्यांनी ‘इहूद’, म्हणजे ऐक्य, ही संघटना काढली आणि १९४६ मध्ये इंग्रज-अमेरिकन चौकशी समितीपुढे संयुक्त राज्याची बाजू मांडली. त्याच सुमारास त्यांनी सहकारी वस्त्यांच्या समाजवादावर पुस्तक पुरे केले. वरून लादलेला मॉस्कोचा समाजवाद आणि खालून वाढणारा किबुट्झचा, अशा दोन टोकांची त्यात मांडणी आहे. ग्रामस्वराज्यावर लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनी ते अवश्य पाहावे. १९४८ मध्ये राज्य झाले, युद्ध झाले, लाखो अरब बेघर झाले, आणि ऑक्टोबरात मॅग्नेस गेले. बूबर यांनी राज्य स्वीकारले, पण अरब नागरिकांवरची लष्करी राजवट, त्यांच्या जमिनी ताब्यात घेणे, यांविरुद्ध ते बोलत राहिले. १९५३ मध्ये जर्मन पुस्तकव्यावसायिकांचा शांतता पुरस्कार त्यांनी फ्रँकफर्टला जाऊन घेतला म्हणून इस्रायलमध्ये त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

मग आइकमनचा खटला आला. ज्यूंना मृत्यूछावण्यांत पोचवण्याची यंत्रणा चालवणाऱ्या या अधिकाऱ्याला जेरुसलेमच्या न्यायालयाने डिसेंबर १९६१ मध्ये फाशी सुनावली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बूबर यांनी ती अमलात आणू नये म्हणून प्रयत्न केले. पंतप्रधान बेन-गुरियन त्यांना भेटायला घरी आले. राष्ट्राध्यक्षांकडेही विनंती गेली. आइकमनबद्दल आपल्याला यत्किंचितही दया नाही, हे बूबर यांनी स्पष्ट सांगितले होते. त्यांचे म्हणणे वेगळे होते. मृत्युदंडाला त्यांचा एकूणच विरोध होता, आणि एकाला फासावर दिल्याने जर्मनीतल्या तरुणांना आता हिशोब मिटला असे वाटेल, ही त्यांची भीती होती. हॅना आरेंट यांना हा युक्तिवाद अजिबात पटला नाही, आणि त्यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात तसे लिहिले. दया नसताना माफी मागायची हे त्यांना पोकळ वाटले. मला मात्र दया नसणे हाच त्यातला महत्त्वाचा भाग वाटतो. विनोबांच्या न्यायाधीशाला फाशीची अमानुषता कळली ती स्वतःचा मुलगा समोर आल्यावर. बूबर यांनी ती बोलून दाखवली ती आपल्या माणसांचा मारेकरी कठड्यात असताना, आणि त्याच्याविषयी मनात काहीही ओलावा नसताना.

३१ मे १९६२ च्या मध्यरात्रीच्या सुमारास आइकमनला फाशी झाली. ही ऐतिहासिक चूक आहे, असे बूबर यांनी म्हटले. १३ जून १९६५ रोजी जेरुसलेममध्ये त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला राज्यातले सगळे मानकरी होते. अरब विद्यार्थ्यांच्या संघटनेनेही पुष्पचक्र पाठवले होते.